स्वरमंडळावर भूप लावला, गंधार तानपुऱ्याशी भांडतोय. चूक कुठे झाली?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, तीन वर्षं गाणं शिकते आहे. परवा गुरुजी म्हणाले, "आज स्वरमंडळ तूच लाव. मोबाईल बाजूला ठेव आणि कानानं लाव."

माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी माझा सा. तानपुरा पंचमाचा, गुरुजींनीच जुळवलेला. स्वरमंडळावर, म्हणजे गाताना छेडायच्या बहुतारी वाद्यावर, भूप रागाचे सा रे ग प ध लावायचे होते. षड्ज-पंचम भाव (सा ते प एवढं अंतर) कानाला चटकन कळतो, म्हणून त्याचाच हात धरून निघाले. सा वरून प लावला, प वरून रे, रे वरून ध आणि ध वरून ग. सप्तकाबाहेर गेले की स्वर खाली आणला. प्रत्येक जोडी छेडून पाहिली. सगळ्या जोड्या एकजीव, कुठे लहर नाही, कंप नाही. पाच स्वर झाले. किती आनंद झाला होता!

मग तानपुरा छेडला आणि त्यावर गंधाराची तार वाजवली. दाताखाली खडा यावा तसं झालं. तेच मी तानपुऱ्यावर गंधार गायले तर तो अगदी शांत लागला. म्हणजे गळ्यातला गंधार वेगळा आणि तारेवरचा वेगळा.

घरी येऊन अ‍ॅपवर तारा तपासल्या. अ‍ॅप सप्तकाचे बारा समान भाग धरतं, एका भागाचे शंभर सेंट, आणि स्वर त्यापासून किती सेंट वर-खाली ते दाखवतं. प +२, रे +४, ध +६, ग +८. आणि मी गायलेला गंधार −१४. दोन गंधारांत २२ सेंटचा फरक, आणि अ‍ॅपला दोन्ही अमान्य!

प्रत्येक पायरी बरोबर असताना शेवट चुकतो कसा? दोन दिवस झोप नीट लागलेली नाही. कुणीतरी समजावून सांगा.

तांबडापांढरा

नाद खुळा धागा! गाण्यातलं आपल्याला काय बी कळत नाय, पण शेवटपर्यंत वाचणार. जागा धरून बसलोय.

खुंटीपीळ

तारा नवीन आहेत का? नवीन तार पहिले आठ-दहा दिवस उतरत राहते. एक लावेपर्यंत दुसरी उतरलेली असते. परत एकदा लावून बघा, मगच गणितात शिरा.

रंकाळाकाठ

@खुंटीपीळ, तारा वर्षभर जुन्या आहेत. शंका मलाही आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लावलं. आकडे तेच.

गणिताचा_तास

ताई, तुमची काहीही चूक झालेली नाही. उलट कान इतका स्वच्छ आहे की पुस्तकातला आकडा तुम्ही अ‍ॅपशिवाय काढून दाखवलात. पंचम सारखा-सारखा बरोबर लावणाऱ्यालाच +२, +४, +६, +८ अशी शिडी मिळते.

हिशेब बघा. सा म्हणजे १ धरा. पंचम म्हणजे ३/२, दीडपट. तुम्ही चार वेळा पंचम घेतलात: ३/२ × ३/२ × ३/२ × ३/२ = ८१/१६. हा दोन सप्तकं खाली आणायचा, म्हणजे चारनं भागायचं. आला ८१/६४. हा तुमचा तारेवरचा गंधार.

गळ्यातला गंधार कुठून आला? तानपुऱ्याच्या खरजातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून. तार छेडली की मूळ आंदोलनाबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनंही निघतात. त्यातली पाचवी म्हणजे गंधार. दोन सप्तकं खाली आणला की ५/४. छेद सारखा केला तर ८०/६४.

एकीकडे ८१, दुसरीकडे ८०. तुमची झोप उडवणारं अंतर ते हेच, ८१/८०. सप्तकाचे १२०० सेंट केले तर हे साडेएकवीस सेंट भरतं. युरोपात याला सिंटॉनिक कॉमा म्हणतात, आणि आपल्याकडचे बरेच अभ्यासक याचीच सांगड नाट्यशास्त्रकार भरताच्या प्रमाण श्रुतीशी घालतात. (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर, सप्तकात अशा बावीस मानतात.)

आणि हे कधीच मिटणार नाही. पंचमाच्या वाटेवर फक्त दोन आणि तीन हे आकडे आहेत. तीनला तीननं कितीही वेळा गुणा, त्याला पाचनं भाग जाणार नाही. गंधाराच्या घरात मात्र पाच बसलेला आहे. त्यामुळे पंचमांवरून चालत निघालेला माणूस त्या घरापाशी पोचतो, घरात शिरत नाही.

रंकाळाकाठ

बाई गं! म्हणजे तो खडा खरा होता.

गुजरीतला

आमच्या सोन्याच्या धंद्यातलं सांगतो. जुन्या मापात एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. ऐंशीत एक म्हणजे तोळ्यामागं गुंजभर आणि वर थोडं. गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, तोळ्यामागं गुंज कमी दिली तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. तुमच्या कानानं तागडी धरलीय ताई, त्याला चूक म्हणू नका.

घोडी_जवारी

मी मिरजेचा, आमच्या घरी पिढ्यानपिढ्या तानपुरे-सतारी होतात. हे अंतर डोळ्यांनी बघायचं असेल तर सतारीवर बघा. घोडीपासून मेरूपर्यंत, म्हणजे वाजत्या तारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, ९० सेंटिमीटर तार धरा. शांत गंधाराचा पडदा घोडीपासून ७२ सेंटिमीटरवर येतो. तुमच्या पंचमाच्या वाटेचा गंधार ७१.१ वर. मधे जवळजवळ नऊ मिलिमीटर! करंगळीचं नख मावेल एवढी जागा. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात ते उगाच नाही. ते सरकवता आले पाहिजेत. गिऱ्हाईक वादक असेल तर पडद्यांचा शेवटचा हात तोच फिरवतो, आम्ही बाजूला होतो.

दुसरं, तुमच्या तानपुऱ्याची जवारी (घोडीच्या माथ्याला घासून दिलेला आकार) चांगली उघडलेली दिसते. जवारी बंद असेल तर आतला गंधार ऐकूच येत नाही आणि मग हे भांडणही ऐकू येत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आवाज फुलतो, त्या जागी आत गंधार बोलायला लागतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. कुणी लावलेला नाही, आपोआप आलेला. माझे आजोबा तानपुरा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकायचे. "गंधार दारापर्यंत आला तरच द्यायचा," असं त्यांचं सांगणं.

तांबडापांढरा

धाग्यात धागा! ह्यो तारंखालचा धागा बी वाचनखुणेत साठवला.

पुराव्याने_बोला

गणित बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण एक खटकलं. ८१/८० म्हणजेच भरताची प्रमाण श्रुती, हे इतक्या सहज म्हणू नये. नाट्यशास्त्रात श्रुतींची संख्या आहे, गुणोत्तरं नाहीत. ३/२, ५/४ हे आकडे नंतरच्या अभ्यासकांनी बसवलेले आहेत. भातखंड्यांनी आपली पद्धत बारा स्वरांवर उभी केली, बावीस श्रुतींची मोजदाद गायकावर लादली नाही, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

शिवाय प्रत्यक्ष मोजून काय दिसलं? १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी कलाकारांचे स्वर मोजले. १९८२ मध्ये मार्क लेव्ही यांचा अभ्यास आला. दोन्हीकडे हेच दिसलं की एकच कलाकार एकाच रागात एकच स्वर थोडा वरखाली घेतो. बावीस ठरलेल्या खुंट्यांवर गाणं टांगलेलं नाही. गळा वाहता आहे.

सारणा

@पुराव्याने_बोला, भरताच्या तोंडी आकडे घालू नयेत याच्याशी सहमत. पण भरतानं जे केलं ते ताईंच्या स्वरमंडळाच्या इतकं जवळ आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

षड्जग्रामात (ग्राम म्हणजे त्या काळची स्वरांची मांडणी) स्वरांची अंतरं ४, ३, २, ४, ४, ३, २ श्रुती. म्हणजे सा चौथ्या श्रुतीवर, रे सातव्या, ग नवव्या, म तेराव्या, प सतराव्या, ध विसाव्या, नी बाविसाव्या. दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुती असल्या तर ते संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. आता रे आणि प बघा. सतरातून सात गेले, राहिले दहा. संवाद नाही! मध्यमग्रामात पंचम एक श्रुती खाली आणतात, सोळावर. सोळातून सात, नऊ. रे-प जुळले. पण त्याच क्षणी सा-प तुटले, कारण सोळातून चार गेले की बारा.

भरत दोन सारख्या वीणा घ्यायला सांगतो. एक ध्रुव, ती हलवायची नाही. दुसरी चल. चल वीणेवरचा पंचम मध्यमग्रामाचा करायचा, आणि तेवढ्या उतरवण्याला तो प्रमाण श्रुती म्हणतो. पुढे चार सारणांत (तारा उतरवण्याच्या टप्प्यांत) तो बाकीच्या श्रुती दाखवतो. आकडा एकही नाही. जे आहे ते कानाचं आहे: एक जोडी जुळवायला गेलं की दुसरी तुटते, आणि त्या तुटण्याचं माप म्हणजे श्रुती. ताई, तुमचा तानपुरा ध्रुववीणा आणि तुमचं स्वरमंडळ चलवीणा.

पुराव्याने_बोला

हे मांडणं आवडलं. "तुटण्याचं माप" हे मान्य. आकडा न लिहिता म्हटलं तर माझी काहीच हरकत नाही.

आल्टो_दुसरी_रांग

मी इथल्याच एका चर्चच्या गायनवृंदात गाते. तुमचं भांडण दोन तारांचं, आमचं चाळीस गळ्यांचं. साथीशिवाय चार भागांत गायलो की शेवटी आम्ही सुरुवातीपेक्षा खाली असतो. संचालक आम्हाला आळशी म्हणायचे. मग एका पाहुण्या गुरूंनी कारण दाखवलं, ते हेच ८१/८०.

एका वेळी तीन स्वरांचा मेळ: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नी-रे आणि परत सा-ग-प. आमच्या कितीतरी गीतांचा हाच फेरा. प्रत्येक वेळी मागच्या मेळातला एक स्वर धरून ठेवायचा आणि बाकीचे त्याला शुद्ध जुळवायचे, हे आमचं शिक्षण. सा वरून ध घेतला ५/३. ध धरून रे घेतला १०/९. रे धरून प घेतला ४०/२७. त्यावरून सा काढला तर ८०/८१. सगळ्यांनी मन लावून शुद्ध गायलं की फेऱ्याअखेर साच खाली बसतो. पाच फेरे झाले की अर्ध्या स्वराहून जास्त उतार. इटलीच्या बेनेदेत्तीनं हे असंच सोळाव्या शतकात मांडलं होतं, १५८५ मध्ये छापलेलं आहे. तुमच्याकडे तानपुरा सा सोडत नाही, म्हणून उतार सा मध्ये न येता गंधारात अडकतो.

गणिताचा_तास

@आल्टो_दुसरी_रांग, शेवटचं वाक्य मी उद्या शाळेत फळ्यावर लिहिणार.

पेटीवाला

वाटच बघत होतो कुणी पेटीला नावं ठेवतंय का. अजून ठेवली नाहीत, आभार!

पेटीचा गंधार ४०० सेंटवर, समान बारा भागांतला. शुद्ध गंधार ३८६. पेटी चौदा वर. सोप्या आकड्यात सांगतो. सा २४० धरा. शुद्ध गंधार ३००. सा चं पाचपट १२००, गंधाराचं चौपट १२००. बरोबर मिळाले, कंप नाही. पेटीचा गंधार ३०२.४, त्याचं चौपट जवळपास १२०९.५. सेकंदाला साडेनऊ कंप. ताईंच्या तारेचा गंधार ३०३.७५, त्याचं चौपट १२१५. सेकंदाला पंधरा कंप! म्हणून खडा. पेटी चुकते, पण शुद्ध पंचमांच्या वाटेपेक्षा गंधारात कमीच चुकते, हे पेटीच्या बाजूनं नोंदवून घ्या.

१९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, त्यात हा वादही होता. पण हे दुखणं आपल्याच भागातल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्यानं श्रुतींचा अभ्यास केला, १९१० मध्ये प्रसिद्ध केला. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती हार्मोनियम झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावर कडाडून वाद झाला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. म्हणजे शंभर वर्षं माणसं या साडेएकवीस सेंटांच्या मागे आहेत.

मी स्वतः माझ्या पेटीला गांधार ट्यूनिंग करून घेतलंय. कारागीर सूर घासून काळी एकच्या हिशेबानं ग, ध, नी खाली आणतो. काळी एकला बसलं की पेटी तानपुऱ्यात विरघळते. गायकानं काळी दोन मागितली की तेच घासलेले सूर भलत्या जागी येतात आणि घाम फुटतो. दोन पेट्या घेऊन हिंडतो. पाठ दुखते, पण गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटी बेसूर वाजवायची नाही हे ठरवलेलं आहे.

खुंटीपीळ

अवांतर: खाँसाहेब मिरजेचे म्हणून मिरजकर मिरवणार, अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात म्हणून आम्ही मिरवणार. यावर वेगळा धागा काढावा काय?

घोडी_जवारी

काढा. तंबोरे आमच्याकडून न्यायचे आणि मग मिरवायचं!

तांबडापांढरा

मंडळी, मूळ प्रश्न ऱ्हायला की. ताईनं तार कुठली उतरवायची? तेवढं सांगा, मग भांडा.

संध्याकाळचा_राग

मी वयानं तुम्हा सगळ्यांत मोठी असेन, पेटाळ्याजवळ मुलींना शिकवते. बाळ रंकाळाकाठ, आता मूळ प्रश्नाकडे ये.

घाईनं फक्त गंधाराची तार उतरवशील तर तानपुरा खूश होईल, पण भूप नाराज होईल. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि त्याचा जोडीदार संवादी धैवत. एकटा ग खाली आला आणि ध पंचमांच्या वाटेवर वरच राहिला तर वादी-संवादीची गाठच सुटते. म्हणून ग बरोबर ध सुद्धा तेवढाच खाली आण. ध ला रे शी जुळवू नकोस, ग शी जुळव. आधी तानपुऱ्याच्या आतल्या गंधाराला तारेचा गंधार मिळव, कंप थांबेपर्यंत. मग त्या गंधाराच्या मध्यमभावानं (सा ते म एवढ्या अंतरानं) धैवत लाव.

मग सा-प जुळलेले, प-रे जुळलेले, ग-ध जुळलेले. तुटलेली जोडी एकच राहील, रे-ध. तो खडा कुठे गेला नाही, आपण त्याला रे आणि ध च्या मधे ठेवला. आणि भूपात "प ग, ध प ग, ग रे सा ध़ सा" हे गाताना रे वरून उडी मारून ध वर कोण बसतं? खड्याची जागा रागालाच ठाऊक आहे.

@पुराव्याने_बोला म्हणतात तसा गळा वाहता असतो हे खरं. माझाही गंधार आलापात जिथं असतो तिथं तानेत नसतो. पण न्यास करायला थांबले की तो आपोआप तानपुऱ्यात जाऊन बसतो. थांबण्याच्या जागी मोजा, चालण्याच्या जागी मोजू नका.

पुराव्याने_बोला

मावशी, न्यासाची मोजणी वेगळी आणि तानेची वेगळी करायला हवी, हे पटलं. माझ्याकडे घरच्या रियाजाचं रेकॉर्डिंग आहे. त्यातले फक्त थांबे मोजून बघतो.

रंकाळाकाठ

मंडळी, आज लावलं! मावशींनी सांगितलं तसंच. आधी तानपुरा, मग गंधार. खुंटी अगदी केसभर फिरवायची होती, तीनदा जास्त खाली गेली. मग एका क्षणी तारेचा आवाज तानपुऱ्यात गेला आणि दिसेनासाच झाला. स्वरमंडळ वाजतंय की तानपुरा, कळेना. धैवत ग वरून लावला. अ‍ॅपवर ग −१४, ध −१६. दोन्ही तारा २२ नं खाली. मुद्दाम रे आणि ध एकत्र छेडले, आणि खडा तिथं बसलेला होता, मावशींनी ठेवला तिथंच.

गुरुजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मी भरत, ८१, ८०, नऊ मिलिमीटर सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्यांदा जे लावलं होतंस ते आठवतंय ना? ते विसरू नकोस. पुढच्या महिन्यात देसकार सुरू करू."

याचा अर्थ काय?

संध्याकाळचा_राग

स्वर भूपाचेच, पण देसकाराचा वादी धैवत, आणि तो पुष्कळ गायक भूपाच्या धैवतापेक्षा चढा मानतात. तुझा +६ चा धैवत उद्या तिथं लावून बघ, आणि सकाळी लाव.

घोडी_जवारी

आणि तारांचा एक जादा संच जवळ ठेवा. इतकं वरखाली केलं की वरच्या सप्तकातल्या बारीक तारा आधी तुटतात. मिरजेला आलात तर दुकानात या, नवी जवारी कशी उघडतात ते दाखवतो.

तांबडापांढरा

ताई, देसकाराचं काय झालं ते हितंच लिवा. वाट बघतोय.